चार नंबरचा माईक

भिंतीवर पडदा होता. पडद्यावर आमच्या गटातली चार नावं होती. प्रत्येक नावाभोवती एक गोल. जो जास्त बोलला त्याचा गोल मोठा. ऋतुराजचा परातीएवढा. श्रेयाचा ताटलीएवढा. गजाननचा वाटीएवढा. माझं नाव होतं, गोल नव्हता. नुसता ठिपका, आणि ठिपक्यापुढं शून्य.

मॅडमनी त्या ठिपक्यावर लेसरचा लाल उजेड पाडला आणि तसाच धरून ठेवला.

"बघा. एवढं भारी सॉफ्टवेअर आणलं कॉलेजनं. मुक्याला बोलतं करणारं. पण हिला तेही बोलतं करू शकलं नाही."

सगळा वर्ग हसला. मग मॅडम पुढच्या बाकाकडं वळून हळू आवाजात बोलल्या, पण मला ऐकू जाईल एवढ्या.

"यांना सीट मिळते, तोंड मिळत नाही."

यांना. मी तिथं एकटी बसलेले. तरी यांना.

मी काय केलं? काहीच नाही. वही मिटली. पेनाला टोपण लावलं. टोपण लागेना, पुन्हा लावलं. खरं तर उठून सांगता आलं असतं. मॅडम, माझ्या हेडफोनचा माईक तुटलेला आहे. पहिल्या आठवड्यापासून तुटलेला आहे. मी स्वतः येऊन तुम्हाला सांगितलंय. एवढी तीन वाक्यं. नाही बोलले. मूग गिळून बसले. मॅडमचा राग आहेच. पण त्या न बोललेल्या तीन वाक्यांवरून मला माझाच राग जास्त येतो, अजून येतो.

आता नीट सांगते.

नांदेडात एका पॉलिटेक्निकला मी सिव्हिलचा डिप्लोमा करते. गाव धर्माबाद तालुक्यात. माय धर्माबादला मिरचीचे देठ खुडायला जाते. तिच्या हाताची आग पाण्यानं जात नाही, त्यामुळं लहानपणी तिनं कधी माझ्या गालाला हात लावलेला मला आठवत नाही. कोपरानं जवळ घ्यायची. बा ग्रामपंचायतीत वॉलमन. म्हणजे गावाला नळाचं पाणी सोडणारा. लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकून पहाटे निघायचा, मी त्याच्यामागं. कुठला वॉल, म्हणजे व्हॉल्व्ह, कुठं गाडलाय, किती आटे फिरवला की किती पाणी, हे मला पाढ्याच्या आधी पाठ होतं. सगळ्या गावाला पाणी सोडणारा माझा बाप, आणि पाणी सगळ्यात शेवटी आमच्या बौद्धवाड्यात. कधी येतं, कधी नळ नुसता फुसफुसतो. पाईपलाईनच्या शेपटाला आम्ही.

म्हणून मला सिव्हिलला यायचं होतं. पाणीपुरवठ्यात ज्युनिअर इंजिनिअर व्हायचं होतं. पाईप कुठून कुठं न्यायचा याच्या नकाशावर ज्याची सही असते, तो माणूस व्हायचं होतं. गावात कुणाला सांगितलं नाही. बाला एकदाच सांगितलं. तो म्हणाला, "हाव? व्हय मग." बस, एवढंच. पण त्या दिवशी त्यानं चावी माझ्या हातात दिली होती.

दुसऱ्या वर्षाला कॉलेजनं ते सॉफ्टवेअर आणलं. गटचर्चेसाठी. पोरं त्याला मशीनमास्तर म्हणायची. चार जणांचा गट, मधी एक स्क्रीन, चौघांच्या डोक्याला नंबर टाकलेले चार हेडफोन. मशीन एक प्रश्न द्यायचं आणि आम्ही त्यावर बोलायचं. कोण काय बोललं ते मशीन ज्याच्या त्याच्या नावानं लिहून घ्यायचं. कुणी नुसतंच ठोकून दिलं की टिंग वाजायचं आणि स्क्रीनवर यायचं, "हे तुम्ही कशावरून म्हणता?" कुणी गप्प असलं की पुन्हा टिंग. "अमुक यांनी अजून मत मांडलेले नाही. कृपया त्यांना विचारा." शेवटी गटानं कागदावर अहवाल लिहून द्यायचा. प्रत्येक मुद्द्यापुढं एक रकाना, मुद्दा कुणी मांडला. सगळ्याचे मिळून पंचवीस मार्क. त्यात नापास तर विषय राहतो. तो विषय राहिला की तिसऱ्या वर्षाला प्रवेश नाही. वर्ष गेलंच म्हणून समजा.

गट कसे पडले ते ऐका. मॅडम म्हणाल्या, "तुमचे तुम्ही करा. मैत्रीत चर्चा चांगली होते."

दहा मिनिटांत सगळे गट झाले. टेबलं भरली. मी वर्गाच्या मधोमध उभी. दप्तर पोटाशी धरलेलं. कुणी नको म्हणालं नाही बरं का. कुणी काहीच म्हणालं नाही. ज्या टेबलाकडं बघावं तिथली पोरं खाली बघायची, मोबाईल काढायची. इथं नाव नंतर विचारतात, आधी आडनाव. पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना माझं आडनाव ठाऊक झालं होतं. एवढ्या पोरांत मी उभी होते आणि मला दूर कुठंतरी विहिरीत उभं असल्यासारखं वाटत होतं.

शेवटी मॅडमनी बोट केलं. "ए, तिकडं तिघंच आहेत. जा त्यांच्यात. घ्या रे हिला."

घ्या रे हिला. घेतलं त्यांनी.

ऋतुराज लातूरचा. त्याचे वडील कंत्राटदार, टाक्या आणि पाईपलाईनचीच कामं घेतात. बोलायला फर्डा. श्रेया नांदेडातलीच, बंगल्यातली. गजानन अर्धापूरचा, घरी केळीच्या बागा. गजानन स्वभावानं गरीब, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मला वाटलं, हा तरी बोलेल कधी माझ्याशी.

चार नंबरचा हेडफोन माझ्या वाट्याला आला. त्याची माईकची दांडी मोडून लोंबत होती. कानाला ऐकू यायचं, बोललेलं मशीनला जात नव्हतं. मी मॅडमकडं गेले. "मॅडम, चार नंबरचा माईक बंद हाय."

"मग शेअर करा ना. गट कशाला म्हणतात?"

शेअर केलं. पहिल्याच दिवशी. श्रेयानं तिचा काढून दिला, मी घातला, दोन वाक्यं बोलले, परत दिला. तिनं पर्समधून ओला टिश्यू काढला. कानाच्या गाद्या पुसल्या. माईक पुसला. दांडी पुसली. माझ्याकडं बघून हसली. "सवय आहे गं, कोविडपासूनची."

दहा मिनिटांनी तोच हेडफोन ऋतुराजनं मागून घेतला, त्याचा खरखरत होता म्हणून. परत आल्यावर तिनं तो तसाच डोक्याला लावला.

मी कानाला खडा लावला. पुन्हा कुणाचा हेडफोन मागायचा नाही.

मग आमची एक रीतच पडून गेली. मी म्हणायचे, ऋतुराज बोलायचा. मी त्याच्या बाजूच्या खुर्चीवर, हळू आवाजात सांगायचे, तो मोठ्यानं माईकमधी सांगायचा. मशीन विचारायचं, हे तुम्ही कशावरून म्हणता. तो माझ्याकडं मान वळवायचा. मी कारण सांगायचे. तो कारण बोलायचा. आणि अहवाल माझ्याकडं. "तुझं अक्षर छान आहे, तू लिही," असं श्रेया म्हणाली. मला तेव्हा बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, लई बरं वाटलं. गटात कशाला तरी माझी गरज आहे म्हणून.

मी लिहायचे. मुद्दा लिहायचे, आणि पुढच्या रकान्यात, मुद्दा कुणी मांडला, तिथं लिहायचे ऋतुराज. माझ्याच हातानं. माझ्या छान अक्षरात. कुणी जबरदस्ती केली नव्हती. मशीनमधी त्याच्या नावावर आहे, तर कागदावर वेगळं कसं लिहायचं, असं मीच मला समजावलं. आणि लिहिलं नसतं तर गटात कुणी ठेवलं असतं का?

दर थोड्या वेळानं टिंग वाजायचं. माझं नाव. यांनी अजून मत मांडलेले नाही. ऋतुराज खुर्चीत मागं रेलून म्हणायचा, "आली बघा सवलत." श्रेया तोंडावर हात धरून हसायची. गजानन स्क्रीनकडं बघायचा. मग ऋतुराज खोट्या अदबीनं मला विचारायचा, "बोला मॅडम, आपलं मत?" मी काही बोलायच्या आत पुढं सरकायचा. मशीनला वाटायचं, विचारून झालं.

त्या टिंगची मला इतकी धास्ती बसली, की हॉस्टेलच्या मेसमधी कुणाचा मोबाईल वाजला तरी हातातला घास ताटात परत ठेवायचे. मेसमधी मी भिंतीकडच्या टेबलावर जेवायचे. रूममधल्या पोरी वरच्या वर्गातल्या, त्यांचं त्यांचं चाललेलं. घरी फोन केला की माय विचारायची, "मैत्रिणी झाल्या का गं?" मी म्हणायचे, हाव, तीन जणांचा ग्रुप हाय आमचा. मी चौथी. माय खूश व्हायची. फोन ठेवला की दिवसभरात मी पहिल्यांदाच मोठ्या आवाजात बोलले हे ध्यानात यायचं.

मग पाण्याचा प्रश्न आला.

एक गाव. उंच टाकी. टाकीतून उतारानं पाणी घरोघरी जातं. टोकाच्या घरांना पाणी पोचत नाही. काय कराल?

ऋतुराज लगेच म्हणाला, "मोठा पंप बसवायचा. सिंपल." टिंग. हे तुम्ही कशावरून म्हणता? त्यानं माझ्याकडं मान वळवली.

आमचंच गाव होतं ते. मी म्हणाले, "पंपानं काय होतंय? पंप टाकी भरतो. टाकीच्या खाली पंपाचा काय संबंध? वरच्या गल्लीचा वॉल पुरा उघडला की सगळं पाणी तिथंच पळतं. वरचा आधी अर्धाच उघडायचा. शेपटाला पाणी पोचू द्यायचं. मग वरचा पुरा करायचा. पैशाचं काम न्हाई ते. मनाचं हाय."

शेवटची दोन वाक्यं सोडून ऋतुराजनं सगळं मशीनला सांगितलं. सफाईदार भाषेत. मशीननं त्याला हिरवा तारा दिला.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी आमचा अहवाल वर्गात वाचून दाखवला. "ऋतुराज, उभा राहा. याला म्हणतात व्यवहारातलं ज्ञान. पुस्तकात मिळत नाही हे. घरातून येतं. वडिलांचं बघून बघून आलंय."

घरातून येतं. हो मॅडम, येतं. कुणाच्या घरातून येतं ते विचारलं असतं तर?

तोवर माझ्या वाक्यांचं मला एवढं काही वाटत नव्हतं. पण ते वाक्य माझ्या बाचं होतं. तीस वर्षं चिखलात गुडघे रोवून, हातात चावी घेऊन त्यानं शोधलेलं. ते कंत्राटदाराच्या नावावर चढलं आणि कंत्राटदाराच्या पोरासाठी वर्गानं टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. सगळे वाजवून राहिले होते.

त्याच आठवड्यात पडद्यावर ते गोल लागले. माझा ठिपका लागला. यांना सीट मिळते, ते झालं.

नंतर पंधरा दिवसांनी कॉलेजला बघायला समिती येणार म्हणून गडबड सुरू झाली. मॅडमनी मला स्टाफरूममधी बोलावलं. पहिल्यांदाच. खुर्ची दिली, तीही पहिल्यांदाच. एक छापलेला कागद पुढं सरकवला.

"समितीपुढं तुमचाच गट बसवणार आहे. तो पाण्याचाच प्रश्न घ्या, ऋतुराजचा छान झालाय. आणि शेवटी तू हे बोलायचंस. पाठ कर."

कागदावर होतं: 'मी ग्रामीण भागातून आले आहे. मला चारचौघांत बोलायची भीती वाटायची. या सॉफ्टवेअरमुळे आणि माझ्या गटातील मित्रांमुळे मला आवाज मिळाला. मी कॉलेजची आभारी आहे.'

"मॅडम, माझा माईक."

"तो आणलाय नवीन. काळजी करू नकोस." मग आवाज मऊ करून म्हणाल्या, "हे नीट केलंस तर तुझ्या मार्कांचंही बघू. नाहीतर तुला माहीतच आहे, तुझं शून्य आहे."

दोन महिने बोलायला माईक नव्हता. आभार मानायला आला.

कागद मी पाठ केला. सांगते ना, पाठ केला. पंचवीस मार्क होते, वर्ष होतं. चार वाक्यं म्हणायची आणि पुढं जायचं, असंच ठरवलं होतं. मी काही शूर नव्हते.

समितीचे तिघं जण मागं उभे. प्राचार्य सर, मॅडम, सगळे. आमची स्क्रीन पडद्यावर लावलेली. चार नंबरचा नवा हेडफोन, गादीवरचं प्लॅस्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं. प्रश्न आला. ऋतुराज बोलला. वरच्या गल्लीचा वॉल आधी अर्धा उघडायचा, टोकाला पाणी पोचू द्यायचं. झकास बोलला. पडद्यावर त्याच्या नावापुढं अक्षरं उमटत गेली.

टिंग.

"हे तुम्ही कशावरून म्हणता?"

ऋतुराजनं सवयीनं माझ्याकडं मान वळवली.

दोन महिने त्यानं मान वळवली की माझे ओठ आपोआप हलायचे. त्या दिवशी नाही हलले. मी ठरवलं नव्हतं. देवाशप्पथ म्हणायची आमच्यात पद्धत नाही, पण खरंच सांगते, ठरवलं नव्हतं. त्याचे डोळे दिसले. त्या डोळ्यांत विनंती नव्हती. नळाची तोटी फिरवताना माणूस तोटीकडं बघतो का? तसं होतं ते.

तो थांबला. हसला. "म्हणजे, बेसिकली, प्रेशर..." पुन्हा थांबला. माझ्या खुर्चीला पायानं टोचलं. मी त्याच्याकडं बघत राहिले. श्रेया बघून राहिली, गजानन बघून राहिला. समितीतले एक जण चष्मा सारून पुढं झाले.

टिंग. "गटातील इतर कोणी याला आधार देऊ शकेल का?"

मॅडमनी मागून मला हातानं खूण केली. तुझा कागद म्हण, आता, लवकर.

मी बोलले. कागद नाही म्हणाले.

"हे वाक्य ऋतुराजचं न्हाई. माझं हाय. माझ्या बापाचं हाय."

पडद्यावर माझं नाव आलं. नावापुढं माझं वाक्य आलं. आणि मशीननं, बिचाऱ्याला काय कळतंय, मशीननं त्याचं ठरलेलं विचारलं.

टिंग. "हे तुम्ही कशावरून म्हणता?"

तुम्ही. मशीन सगळ्यांनाच तुम्ही म्हणतं, मला माहीत आहे. तरी त्या इमारतीत मला पहिल्यांदा कुणी विचारलं होतं, तुम्ही म्हणता ते कशावरून. माझा आवाज फाटला. फाटू दे म्हटलं.

"माझा बाप वॉलमन हाय. वरच्या वॉलला चौदा आटे हायेत. सहा उघडायचे, अर्धा तास थांबायचं, तवर शेपटाला पाणी येतं. मग बाकीचे आठ. मी त्याच्यासंगं जाऊन हातानं फिरवलेत. ऋतुराजला विचारा, वॉल कोणत्या अंगानं उघडतो. आणि चार नंबरचा माईक दोन महिने तुटलेला होता. मॅडमला सांगितलं होतं. हा आज आणलाय. अहवालात ऋतुराजचं नाव मीच लिहिलं, दर वेळी. ती माझी चूक. आता न्हाई लिहिणार."

कुणीतरी पडदा बंद केला. मॅडम हसत समितीला म्हणाल्या, "जरा नर्व्हस झाली ती. ग्रामीण भागातली आहे." समिती चहाला गेली. त्यातल्या एकानंही मागं वळून बघितलं नाही. मला वाटलं होतं, निदान एक जण थांबेल आणि विचारेल. वेडीच मी.

वर्ग रिकामा झाला. गजानन शेवटी निघाला. दारात घुटमळला. मी म्हणाले, "गजानन, तुला तर ठाव हाय ना सगळं?"

तो म्हणाला, "मला कशाला ओढून राहिलीस यात?" आणि गेला. ऋतुराजची सवलत ऐकून घेतली होती मी, पण हे वर्मी लागलं.

दोन दिवसांनी कॉलेजनं माझ्या बाला बोलावून घेतलं. पॅसेंजरनं आला बिचारा, धुतलेला पांढरा सदरा घालून. प्राचार्यांच्या टेबलावर आमचे सगळे अहवाल मांडलेले.

सर म्हणाले, "अक्षर कुणाचं आहे?"

"माझं."

"आणि नाव कुणाचं लिहिलंय?"

"ऋतुराजचं."

"मग?"

मी म्हणाले, "सर, त्या दिवशी मशीननं माझ्या नावानं लिहून घेतलंय."

"डेमोचं सेशन सेव्ह होत नसतं." मॅडम म्हणाल्या.

गजाननला बोलावलं. तो चपलेकडं बघत म्हणाला, "सर, मला नीट ऐकू यायचं नाही." गेला.

मी म्हणाले, "सर, माझे वडील इथंच उभे हायेत. त्यांला विचारा ना, ते वाक्य कुणाचं हाय."

"इथं पाण्याचा विषय चाललेला नाही," सर म्हणाले. "इथं शिस्तीचा विषय आहे."

मग एक कागद पुढं आला. टाईप केलेला. माझ्याकडून गैरसमजातून खोटे आरोप झाले, त्याबद्दल मी क्षमा मागते. खाली सहीला जागा. सर माझ्या बापाकडं बघून समजुतीनं बोलले, "सही करू द्या तिला. काठावरचे मार्क देऊन टाकू. वर्ष वाचेल पोरीचं."

बानं हात जोडले. "लेकरू हाय साहेब. चुकली असंल. माफी द्या."

चावी फिरवून फिरवून त्याच्या तळहातांना गट्टे पडलेत. ते दोन्ही हात टेबलासमोर जोडलेले मी बघितले. सगळा वर्ग हसला तेव्हा वाटली नव्हती, एवढी लाज तेव्हा वाटली.

"बा, हात खाली घे."

"गप बस."

"घे म्हणते ना खाली. म्या काय चोरलंय?"

कागद मी परत सरांकडं सरकवला. म्हणाले, "खोटं न्हाई बोलले मी. सही करणार न्हाई."

"विषय राहील," मॅडम म्हणाल्या.

"राहू द्या."

स्टेशनवर बा माझ्या दोन पावलं पुढंच चालत राहिला. गाडी लागली तेव्हा म्हणाला, "सही केली असती तर काय झिजलं असतं तुझं? मी न्हाई का ऐकून घेत? तीस वर्सं ऐकून घेतलं."

"तेच सांगून राहिले बा. तीस वर्सं झाली. किती जणांनी घ्यायचं ऐकून?"

तो डब्यात चढला. खिडकीत बसला, पण दुसऱ्या बाजूच्या. गाडी गेली. मायला त्यानं काय सांगितलं मला माहीत नाही. तिचा फोन आठ दिवस आला नाही.

विषय राहिला. तिसऱ्या वर्षाला माझी बॅच गेली, ऋतुराज गेला, श्रेया गेली, गजानन गेला. मी खाली राहिले. पुन्हा तपासणीसाठी मी अर्ज केला. उत्तर नाही आलं. दुसरा केला. तिसरा वर पाठवलाय, परीक्षा घेणाऱ्या तंत्रशिक्षण मंडळाकडं, पोच घेऊन.

आता त्याच लॅबमधी नव्या पोरांसोबत माझा तोच तास असतो. गट त्यांचे त्यांनी केले. माझी हकिकत सगळ्यांना ठाऊक, त्यामुळं मला कुणी घेतलं नाही. मी कोपऱ्यातल्या टेबलाला एकटी बसते. हेडफोन घालते. आधी माईक तपासते. स्क्रीनवर येतं, "गटात किमान दोन सदस्य आवश्यक आहेत." पुढं काही होत नाही. पूर्ण तास ते एकच वाक्य बघत बसते. खोटं नाही सांगत, कधीकधी डोळे भरतात. मग बाजूच्या टेबलाचा प्रश्न ऐकते आणि एकटीच वहीत सोडवते. वर माझं नाव लिहिते. ठळक.

परवा मॅडम जवळ आल्या. "किती दिवस बसणार अशी? जा ना कुणाच्या तरी गटात. लिहायला घेतील तुला, अक्षर चांगलं आहे."

मी उभी राहिले. सगळ्या टेबलांना ऐकू जाईल असं बोलले.

"जाते मॅडम. माझ्या दोन अटी हायेत. अहवाल चौघांनी पाळीपाळीनं लिहायचा. आणि मी बोललेलं माझ्या नावावर चढवायचं. ज्याला चालतंय त्यानं इथं यावं."

अजून कुणी आलेलं नाही. हे वर्षही जाईल कदाचित. जाऊ दे. गटात घेतात म्हणून एकदा मी माझे शब्द दुसऱ्याच्या तोंडात दिले होते. पुन्हा देणार नाही. एकटी बसायचं तर एकटी बसेन, पण त्या लॅबमधून उठून जाणार नाही.